बिनगोळ्यांची रायफल

माझ्याकडे एक रायफल आहे. परवाना माझ्या नावाचा, त्यावरची नोंद माझ्या नावाची, आणि अमरावतीच्या घरात ज्या लोखंडी कपाटात ती असते त्याची किल्ली माझ्या खिशात. तीनशे तेहतीस बोअर, विलायती बनावट, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता. पाहुणे आले की 'दाखवा की' म्हणतात आणि दाखवली की दोन पावलं मागे सरकतात. या रायफलीतून मी आजवर एकही गोळी झाडलेली नाही, कारण माझ्याकडे तिची एकही गोळी नाही. हे कसं झालं ते सांगायला बसलो आहे. डोकं थंड ठेवून सांगेन असं वचन मात्र देत नाही.

पाटबंधारे खात्यात मी बत्तीस वर्षं काढली. दुसऱ्यांच्या फायलींमधल्या चुका काढणं हेच माझं काम. कंत्राटदाराच्या कागदावर एखादी तारीख खालीवर झाली की ती मला टेबलाच्या पलीकडूनच दिसायची. माझ्या पाठीमागे लोक मला काय म्हणायचे तेही मला ठाऊक आहे. असा मी माणूस, आणि निवृत्त झाल्यावर जी एक गोष्ट हौसेनं घेतली, तिच्या बाबतीत जन्मभराची अक्कल गहाण टाकून बसलो.

हौस म्हटलं खरं, पण सुरुवात हौसेनं झाली नव्हती. आमची आठ एकर जमीन बार्शीटाकळीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. बाबा तिथेच राहतात. वय चौऱ्याऐंशी, दात चार, आणि अमरावतीला येऊन राहा म्हटलं की ऐकू येत नाही. त्यांचं दुखणं एकच होतं. त्यांना आपल्या वावरात ज्वारी पेरायची होती. रानडुकरांमुळे आमच्या गावानं ज्वारी सोडून सहा-सात वर्षं झाली होती. कळप एकदा ज्वारीत शिरला की खातो त्याच्या दसपट लोळवतो. सकाळी जाऊन पाहावं तर वावरावरून कोणी रोलर फिरवल्यासारखं दिसतं. लोकांनी सुतळी बॉम्ब लावून पाहिले, धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बायकांच्या जुन्या साड्या बांधून पाहिल्या. डुकरं साड्यांखालून यायची. शेवटी सगळे सोयाबीन, तूर, हरभऱ्यावर गेले आणि ज्वारी बाजारातून आणू लागले.

बाबा ती विकतची भाकर खायचे, पण प्रत्येक घासाला तिला नाव ठेवून. "मरायच्या आंदी एक डाव आपल्या वावरात ज्वारी उभी पाह्यची हाय," असं ते मला दर महिन्याला ऐकवायचे. मी म्हणायचो, डुकरांचं काय करू? ते म्हणायचे, "बंदुकीचा एक बार काढला हवेत, का आठ दिवस फिरकत नाई थे. आमी पाह्यलं हाय."

आणि त्यांनी खरंच पाहिलं होतं. तरुणपणी बाबा हाक्याला जायचे. शिकारीवर बंदी येण्याआधीचे दिवस. अकोल्याचे एक बडे वकील होते, त्यांची आमच्या गावात जमीन होती आणि त्यांना शिकारीचा भारी नाद. ते हिवाळ्यात यायचे, झाडावर मचाण बांधायचे, आणि गावातली वीस-पंचवीस माणसं डबे, थाळ्या बडवत, आरोळ्या ठोकत जनावरं त्यांच्याकडे हाकत न्यायची. हाकणारी माणसं बहुतेक आमच्या वस्तीतली. छप्पन साली आमच्या घरानं दीक्षा घेतली, गावकीची जुनी कामं सोडली. हाका मात्र आणखी काही वर्षं सुटला नव्हता, कारण दिवसभराची मजुरी रोख मिळायची. बाबा हे लपवत नसत आणि त्याचं कौतुकही करत नसत.

त्या वकिलांचा नातू माझा कॉलेजपासूनचा मित्र. अकोल्यात आम्ही एका बाकावर बसलो, एका सायकलवर फिरलो, एकाच वर्षी नापास झालो. पुढे तोही वकील झाला, मी नोकरीला लागलो, पण दोस्ती तुटली नाही. माझ्या मुलीच्या लग्नात तो दोन दिवस आधी येऊन मांडवात उभा होता. चाळीस वर्षांत मी त्याच्यापासून काही लपवलं नाही, आणि तोही माझ्यापासून काही लपवत नाही असं मी सगळ्यांना सांगत असे. बायकोला जरा जास्तच सांगत असे.

पीक संरक्षणासाठी बंदुकीच्या परवान्याचा अर्ज त्यानंच लिहून दिला. तलाठ्याचा दाखला, पोलीस चौकशी, वनखात्याचं पत्र, कलेक्टर कचेरीतल्या खेपा, असं अडीच वर्षं चाललं. परवाना हातात आला त्या दिवशी मी पेढे घेऊन त्याच्या ऑफिसात गेलो. त्यानं पेढा तोंडात टाकला, पंखा वाढवला आणि विचारलं, "कोणती घेतो मंग?"

"बारा बोअरची पाहतो," मी म्हणालो. "साधी. आवाजापुरती."

त्यानं पेढ्यांचा डबा बाजूला सारला. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "आजोबाची रायफल घे."

मला वाटलं चेष्टा करतोय. ती रायफल मी त्याच्या घरी भिंतीवर पाहिली होती, काचेच्या कपाटात पाहिली होती, तिच्यासोबत त्याच्या आजोबांचा फोटो पाहिला होता. मी म्हणालो, "तुझ्या घरची इज्जत हाय थे. मले कायले देतो?"

"तुलेच देतो," तो म्हणाला. "तुझे बाबा या रायफलीच्या समोरून चालले हायेत गड्या. आता थे तुमच्या घरात असली पायजे. एवढा तरी न्याय व्हावा का नाई?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला बोलू, आलं. वयाच्या साठीनंतर कोणी आपल्याशी असं बोलेल याची माणूस वाट पाहत नसतो. पण कोणी बोललं की कळतं, आपण वाटच पाहत होतो. त्यानं पैसेही फार थोडे सांगितले. तेही मी त्याच्या प्रेमाच्या खात्यात धरलं. माल स्वस्त का मिळतो हे मी बत्तीस वर्षं प्रत्येक निविदेला विचारलं होतं, तेवढं त्या दिवशी विचारलं नाही.

त्याच्या अटी दोन होत्या, आणि त्या त्यानं अटी म्हणून सांगितल्याच नाहीत. दस्त्यावर त्यांच्या आडनावाची चांदीची पट्टी आहे, ती काढायची नाही. आणि दर दसऱ्याला रायफल पूजेपुरती त्याच्या घरी आणायची. "आईले बरं वाटते," तो म्हणाला. त्याच्या आईनं मला कॉलेजात असताना डब्याला पोळ्या बांधून दिल्या आहेत. मी लगेच हो म्हटलं.

अकोल्यात बंदुकीचं एक जुनं दुकान आहे, त्याच्यामार्फत व्यवहार झाला. दुकानदार म्हातारा, दाढीला मेंदी, प्रत्येक गोष्ट भिंगातून पाहणारा. त्यानं नळीत दिवा धरून पाहिलं, नंबर लिहून घेतला आणि मला म्हणाला, "चीज तो लाजवाब आहे साहेब. पण गोळी? तीनशे पंधरा असती तर माझ्याकडंच मिळाली असती. ही तीनशे तेहतीस आहे."

मी काही बोलायच्या आत माझा मित्र म्हणाला, "गोळ्यांचं मी पाहून घेतो. थे माह्याकडे लागलं."

दुकानदारानं भिंग खाली ठेवलं, त्याच्याकडे पाहिलं आणि रजिस्टर उघडलं. मी सही केली. परवान्यावर बोअरसकट नोंद झाली. परवाना एकाच हत्याराचा; आता दुसरी बंदूक घ्यायची तर आधी ही विकायला हवी, आणि विकायला गिऱ्हाईक हवं, हे मला त्या वेळी सुचलंसुद्धा नाही.

रायफल घेऊन मी सरळ गावी गेलो. बाबा ओट्यावर बसले होते. मी कव्हर काढलं. त्यांनी आधी हात धुतले, धोतराला पुसले आणि मगच ती मांडीवर घेतली. बराच वेळ दस्त्यावरून हात फिरवत बसले. मग म्हणाले, "आमी नेहमी नळीच्या बाजूनं पाह्यली. या बाजूनं पयल्यांदा पाहून राह्यलो."

मी विचारलं, "कशी वाटली?"

"जड हाय," ते म्हणाले. मग रायफलीच्या कव्हरमध्ये हात घालून त्यांनी काहीतरी चाचपलं, माझ्या पिशवीकडे पाहिलं, आणि काही न बोलता ती मला परत दिली. मी आपल्याच आनंदात होतो. शेजारच्या चार घरांतली माणसं जमली, मी सगळ्यांना बोल्ट उघडून दाखवला. माझ्याइतका मिरवणारा माणूस त्या दिवशी तालुक्यात नसेल.

त्यानंतर पावसाळाभर मी गोळ्या शोधल्या. मित्राला फोन केला की तो म्हणे, नागपूरला बोललोय, आठ दिवस थांब. पंधरा दिवसांनी म्हणे, इंदूरला एकाकडे आहेत, माणूस पाठवतो. मी वैतागून स्वतः नागपूर गाठलं. तिथल्या एका दुकानात बोअर सांगितला तर माणूस हसला आणि म्हणाला, "काका, तीनशे पंधरा म्हणायचंय का तुम्हाला?" परवाना दाखवला तेव्हा त्यानं आतून आपल्या वडिलांना बोलावलं. वडिलांनी परवाना वाचला आणि सांगितलं, ही गोळी आम्ही विकून तीस-पस्तीस वर्षं झाली असतील, आता बनतच नाही, बाहेरून मागवायची तर परवानग्यांतच तुमचं आयुष्य जाईल. दुसऱ्या दुकानात एकानं नळी बदलून घ्यायचा सल्ला दिला. तो कायद्यात बसत नव्हता आणि मी जन्मात कधी कायद्याबाहेर पाय ठेवलेला नाही.

शेवटी मी मित्राला सरळ विचारलं, "तुह्या घरी तं असतीन ना जुन्या? आजोबाच्या?"

फोनवर तो हळू आवाजात म्हणाला, "दोनच उरल्या होत्या रे. आजोबा गेले तवा माह्या बाबानं अंगणात उभं राहून हवेत झाडल्या. सलामी म्हून. थ्याच शेवटच्या."

ते ऐकून मलाच लाज वाटली. कोणाच्या घरच्या मयतीतली गोष्ट आपण गोळ्यांसाठी उकरून काढली असं वाटलं. मी म्हणालो, जाऊ दे, माफ कर.

सप्टेंबरात काही कामासाठी अकोल्याला गेलो होतो, म्हणून त्या बंदुकीच्या दुकानात डोकावलो. म्हाताऱ्यानं चहा मागवला. मी गोळ्यांचं रडगाणं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, एक बात बोलू? रागावू नका. दोनपेक्षा जास्ती हत्यारं ठेवता येत नाहीत असा कायदा आला ना, तेव्हापासून वकीलसाहेबांची ही तिसरी माझ्या दुकानात जमा पडून होती. मी दहा लोकांना दाखवली. बिनगोळीची रायफल कोण घेतो? तुम्ही अर्ज केला असं कळलं, तेव्हा ते मला म्हणाले, आता काढा साफ करून."

"अर्ज केला तवा?" मी विचारलं. "का परवाना मिळाला तवा?"

"अर्ज केला तेव्हाच."

म्हणजे अडीच वर्षं. तो माझा अर्ज लिहीत होता, माझ्यासोबत कलेक्टर कचेरीत येत होता, माझ्यासाठी साहेबांना भेटत होता, आणि त्या सगळ्या वेळात रायफल कुठे जाणार हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं. माझ्या डोळ्यांतलं पाणी त्यानं अडीच वर्षं आधी हिशेबात धरलं होतं. मी चहा अर्धा ठेवून उठलो.

तरी बघा, माणूस किती गाढव असतो. अमरावतीला परत येईपर्यंत एसटीत बसून मी त्याची बाजू मांडत आलो. कायदाच आला, त्याला कुठेतरी द्यायचीच होती, परक्याला देण्यापेक्षा मला दिली, यात वाईट काय? सांगायला लाजला असेल. गोळ्या संपल्या त्याला तो काय करणार? बायकोला मी यातलं काही सांगितलं नाही. तिनं माझा चेहरा पाहिला आणि विचारलंही नाही.

इकडे बाबांनी घाई चालवली होती. अकोटकडच्या एका नातेवाइकाकडून त्यांनी जुन्या वाणाच्या ज्वारीचं बियाणं आणवलं होतं. दोन एकर वखरून ठेवलं होतं. रोज फोन: "गोळ्या आल्या का सांग. ओल निघून चालली. दसऱ्यापावतर वाट पाहतो, नाई तं हरभरा टाकतो." मी म्हणायचो, येतात बाबा, येतात. काय सांगणार होतो?

दसऱ्याला सकाळी पांढरे कपडे घालून आम्ही दोघं विहारात गेलो. वंदना झाली. घरी येऊन मी कपाट उघडलं आणि रायफल कव्हरमध्ये घालू लागलो, तेव्हा बायको दारात उभी राहिली.

"आज आपला दिवस हाये," ती म्हणाली. "आन् तुमी त्याच्या घरी बंदुकीची पूजा कराले चालले?"

"शब्द देल्ला हाये."

"त्यानं देल्ला तो शब्द कुठी गेला?"

मला त्याच्याकडे जायचंच होतं. समोरासमोर बसून त्याच्या तोंडून ऐकायचं होतं की त्यानं हे का केलं. त्यानं नुसतं 'चुकलं' म्हटलं असतं तरी मी सोडून दिलं असतं. आजही सांगतो, सोडून दिलं असतं.

दुपारी अकोल्याला पोचलो. घर पाहुण्यांनी भरलेलं. दिवाणखान्यात पाटावर लाल कापड, त्यावर त्याची बारा बोअर आणि रिव्हॉल्वर आधीच मांडून ठेवलेली, मधली जागा रिकामी. त्यानं माझ्या हातातून रायफल घेतली, मधल्या जागेवर ठेवली आणि मला सोफ्यावर बसवलं. वहिनींनी चहा आणला. एक तरुण वकील माझ्या शेजारी बसला होता, त्यानं रायफलीकडे पाहत मला विचारलं, "ही तुमची का काका?"

माझं तोंड उघडायच्या आत माझा मित्र तिकडून म्हणाला, "आमचीच हाय. यायच्याकडे सांभाळाले ठेवली, कायद्याची भानगड म्हून. घरचाच माणूस हाय. यायचे वडील आजोबाच्या हाक्यात असायचे."

तो तरुण 'अच्छा, अच्छा' म्हणाला आणि माझ्याकडे ज्या नजरेनं पाहू लागला, ती नजर मी लहानपणी गावात पाहिली होती. माझ्या हातात कप होता. तो खाली ठेवायलाही मला सुचेना.

तेवढ्यात आतून त्याची सून आली. नवी मुलगी, दीड-दोन वर्षांपूर्वीच लग्न होऊन आलेली, तिचा यात काही दोष नाही. तिच्या हातात तांब्याचं तबक होतं. तबकात झेंडूची फुलं, आपट्याची पानं, आणि मधे ओळीनं मांडलेल्या पितळी गोळ्या. चिंचेनं घासून लख्ख केलेल्या. तिनं तबक रायफलीसमोर ठेवलं आणि सासूला विचारलं, "आई, आजोबांच्या गोळ्यांना कुंकू आधी लावायचं की रायफलीला?"

मी उठलो, पाटाजवळ गेलो, एक गोळी उचलली. बुडावर आकडे होते. तीनशे तेहतीस. मी मोजल्या, एकोणीस होत्या.

त्यानं माझ्या हातातून गोळी काढून घेतली, परत तबकात ठेवली आणि माझा दंड धरून मला बाजूच्या खोलीत नेलं. दार लोटलं.

"दोनच उरल्या होत्या ना?" मी म्हणालो. "सलामी देल्ली होती ना?"

"हळू बोल, आई बसली हाय तिकडे."

"मले सांग."

"अरे, थ्या आजोबाच्या हातच्या हायेत," तो म्हणाला. "थ्या काय झाडाले ठेवल्या? आन् झाडून कोणावर झाडतो, डुकरावर? दोन वर्षांत संपवल्या असत्या तू. मंग पूजेत काय ठेवू मी?"

"बाबा बियाणं घेऊन बसले तिकडे. तू म्हणला होता गोळ्यांचं माह्याकडे लागलं."

"तुह्यासाठी फटाके पाठवतो डझनभर," तो म्हणाला, आणि हसला. त्याला वाटलं आम्ही अजून कॉलेजातच आहोत आणि मीही हसेन. मी हसलो नाही, तेव्हा तो जरा चिडला. "तुले एवढा राग काहून येऊन राह्यला? तू आपला माणूस म्हून तुह्याकडे ठेवली. परका असता तं इकून मोकळा झालो असतो."

"मी पैसे देले हायेत. माह्या नावावर हाय थे."

"कागदावर हाये ना," तो म्हणाला. "कागद तं तुह्याच सोयीसाठी केला."

चाळीस वर्षांत मी त्याच्याशी भांडलो नव्हतो, आणि त्या खोलीतही भांडता आलं नाही. शिव्या आठवल्या, तोंडातून निघाल्या नाहीत. मी बाहेर आलो आणि पाटावरून रायफल उचलली. पूजा व्हायची होती. त्याची आई म्हणाली, "अरे, थांब ना बेटा, आरती होऊ दे." मी कव्हरची चेन ओढली. दारात तो आडवा आला, मला वाटलं हात धरतोय, पण त्यानं आपट्याचं पान पुढे केलं. "सोनं घे," म्हणाला. आणि माझा हात पुढे झाला. सवयीनं झाला. ते पान मी घेतलं आणि 'सोन्यासारखा राहा' असंही म्हणालो. त्या सगळ्या प्रकरणात मला स्वतःचा सर्वात जास्त राग कशाचा येत असेल तर त्याचा येतो.

बाहेर गाडीत बसून मी बायकोला फोन केला. ती म्हणाली, पोलिसात द्या. ज्या बोअरचं हत्यार परवान्यावर नाही त्याच्या गोळ्या घरात ठेवणं हा गुन्हाच आहे, तो स्वतः वकील आहे, हे त्याला माहीत नाही का? ठाणं दहा मिनिटांवर होतं. मी गाडी वळवलीसुद्धा. मग लक्षात आलं की गोळ्या जप्त होतील, मालखान्यात पडतील, त्यांच्यामागे रायफलही जाईल, आणि मी साक्षीदार म्हणून तारखांना त्याच्याच कोर्टात उभा राहीन. पण खरं कारण ते नव्हतं. त्यानं एकोणीस गोळ्या माझ्यासमोर तबकात मांडू दिल्या, कारण मी तक्रार करणार नाही याची त्याला खात्री होती. आणि त्याची खात्री बरोबर निघाली. मी केली नाही. चाळीस वर्षांत त्यानं मला चांगलं वाचलं होतं, मीच त्याला वाचलं नव्हतं.

गावी पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. बाबा ओट्यावर बियाण्याची थैली शेजारी ठेवून बसले होते. माझ्याकडे पाहून म्हणाले, "आल्या गोळ्या?"

वाटेत मी ठरवलं होतं की आणखी आठ दिवसांची थाप मारायची. पण त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. कायदा, दुकानदार, तबक, एकोणीस गोळ्या, 'सांभाळाले ठेवली', सगळं. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "बसाले खुर्ची देल्ली होती?"

"हाव. सोफ्यावर बसवलं."

"च्या?"

"देल्ला."

"कपात?"

"बाबा, आता तसं काई राह्यलं नाई," मी म्हणालो. "कपातच देते. मी चाळीस वर्षं जेवतो त्याच्या घरी."

"मंग त्याले वाटलं असन," बाबा म्हणाले, "येवढं देल्लं, आता आखीन काय मांगते हा."

ते थैलीची गाठ सोडून ज्वारीचे दाणे हातात घेऊन पाहत होते. मग म्हणाले, "गोळ्याची चामड्याची पेटी असे त्याच्या आज्याजवळ. हाक्याले जाताना थे पेटी माह्या डोक्यावर. तू रायफल आनली त्या दिवशी म्या पाह्यलं, पेटी नाई. इकणारा माणूस गोळ्या ठेवून घेत नाई. ज्याले वस्तू वापस पायजे, तो ठेवते."

"तुमाले तवाच समजलं होतं?"

"हाव."

"मंग बोलले काहून नाई? वावर वखरलं, बियाणं आनलं, रोज मले फोन करून राह्यले होते. हे कायले केलं मंग?"

बाबांनी दाणे परत थैलीत टाकले आणि गाठ मारली. "तू लय खुश होता," ते म्हणाले. "आन् मलेई वाटलं, जमाना बदलला हाय. देईन बी."

मग ती थैली त्यांनी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, गिरणीतून दळून घे, सुनेला दे, बियाण्याची आहे, भाकर चांगली होईल. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या दोन एकरात हरभरा टाकला.